पुरावा हवा, पण पैसा कोणाचा? ऑस्टिओपॅथीच्या हस्तोपचारांची शंभर वर्षे (धागा)

१९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीने अमेरिकेत थैमान घातले. साथ ओसरल्यावर ऑस्टिओपॅथी या उपचारपद्धतीच्या व्यावसायिकांनी आपापल्या रुग्णांचे अहवाल मागवले आणि त्यांची बेरीज केली. रुग्ण १,१०,१२०, मृत्यू २५७. प्रत्येक ४०० रुग्णांमागे एक मृत्यूही नाही. हातांनी पाठ, बरगड्या आणि मान यांवर केलेल्या उपचारांनी साथ रोखली, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो पुढे अनेक पिढ्या अभिमानाने सांगितला.

या बेरजेत काय नव्हते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. रुग्ण किती गंभीर होते, याची नोंद नव्हती. उपचार न घेतलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले, याची तुलना नव्हती. ज्यांच्या हातून बरेच रुग्ण दगावले, त्यांनी अहवाल पाठवला की नाही, हे तपासण्याची सोयही नव्हती. या साऱ्या पुराव्याला खर्च लागला तो प्रामुख्याने टपालाचा.

त्यानंतर जवळपास ९० वर्षांनी याच प्रश्नाचा एक भाग, म्हणजे न्यूमोनियाच्या रुग्णाला हस्तोपचाराचा फायदा होतो का, सात रुग्णालयांत चारशेहून अधिक रुग्णांवर रीतसर तपासण्यात आला. प्रश्न तोच, उपचारही बव्हंशी तेच. मधल्या काळात बदलली होती ती पैशाची वाट. ती वाट कशी वळत गेली, त्याचा हा धागा.

आधी थोडी ओळख. अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. स्टिल स्वतः वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकले आणि अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने उतरले. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. त्या काळचे नामांकित वैद्य घरी येऊन गेले होते, औषधे झाली होती, प्रार्थनाही झाली होती. पाऱ्याची संयुगे, अफू आणि मद्य यांवर उभ्या असलेल्या तत्कालीन औषधशास्त्रावरचा स्टिल यांचा विश्वास उडाला तो कायमचा.

१८७४ मध्ये त्यांनी आपला नवा सिद्धान्त मांडला. शरीराची रचना बिघडली की रक्ताभिसरण आणि मज्जातंतूंचे कार्य अडते आणि रोग होतो. रचना हातांनी पूर्ववत केली तर शरीर स्वतःला बरे करते. पुढे ते मिसुरी राज्यातील किर्क्सव्हिल या गावी स्थिरावले. आरंभीच्या फिरतीच्या दिवसांत ते स्वतःची जाहिरात ‘विजेच्या वेगाचा हाडवैद्य’ अशा अर्थाच्या शब्दांत करत. आपल्याकडे निखळलेला खांदा बसवणारा हाडवैद्य ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बिरुदामागचा आत्मविश्वास वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच की स्टिल केवळ हाड बसवून थांबले नाहीत; त्यांनी त्यातून साऱ्या रोगांचे शास्त्र उभे करायला घेतले आणि १८९२ मध्ये किर्क्सव्हिल येथे त्याचे विद्यालयही काढले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला डॉक्टर औषधे लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो, सर्वार्थाने डॉक्टर असतो; हस्तोपचार हे त्याचे जादा कौशल्य. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये मात्र ऑस्टिओपॅथ म्हणजे मुख्यतः हातांनी उपचार करणारा स्वतंत्र व्यावसायिक. नाव एक, पण व्यवसाय दोन. पुढे पैशाचा प्रश्न येईल तेव्हा हा फरक ध्यानात ठेवावा लागेल.

आता मूळ मुद्द्याकडे. स्टिल यांच्या विद्यालयापाठोपाठ अशी अनेक विद्यालये निघाली आणि ती विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा प्रसिद्ध अहवाल कार्नेगी प्रतिष्ठानाने छापला. अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालयांचा तो पंचनामा होता. ऑस्टिओपॅथीच्या आठ विद्यालयांचा हिशेब फ्लेक्सनर यांनी वेगळा मांडला: १,३०० हून अधिक विद्यार्थी, वर्षाला सुमारे २ लाख डॉलर शुल्क, आणि पूर्णवेळ शिक्षक एकही नाही.

टीका जहरी होती, पण खोटी नव्हती. शुल्क येत होते आणि ते प्रयोगशाळेकडे वळत नव्हते. मात्र त्या अहवालाचा दुसरा परिणाम इतिहासाच्या पुस्तकांत कमी सांगितला जातो. अहवालानंतर अमेरिकेतील बड्या दानशूरांचा पैसा वैद्यकीय संशोधनाकडे वळला, आणि तो ज्यांच्याकडे आधीच प्रयोगशाळा होत्या त्यांच्याकडे वळला. १९१३ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षण मंडळाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला १५ लाख डॉलर दिले ते पूर्णवेळ प्राध्यापक नेमण्यासाठी. ज्या विद्यालयांत एकही पूर्णवेळ शिक्षक नव्हता, ती या वाटेवरून बाहेर पडली. पैसा नाही म्हणून संशोधन नाही, आणि संशोधन नाही म्हणून पैसा नाही, असा फेरा तिथून सुरू झाला.

व्यवसायाने स्वतःच्या वर्गणीतून काही करून पाहिले. स्टिल यांच्या नावाची एक संशोधनसंस्था उभी राहिली. तिचे काम दीर्घकाळ खांद्यावर वाहिले लुईसा बर्न्स या बाईंनी. सशांच्या मणक्यांत मुद्दाम बिघाड करायचा आणि त्याचा हृदय, पोट, मूत्रपिंड यांवर काय परिणाम होतो ते पाहायचे, असे प्रयोग त्यांनी कॅलिफोर्नियात अनेक दशके केले. चिकाटीला तोड नव्हती. पण निष्कर्ष छापले जायचे ते बहुतांशी व्यवसायाच्याच नियतकालिकांत, वाचले जायचे ते व्यवसायातच, आणि प्रयोगांची मांडणी बाहेरच्या शास्त्रज्ञाला पटेल अशी काटेकोर नव्हती. वर्गणीच्या पैशाचा हा स्वभावच आहे. वर्गणी देणाऱ्याला पुष्टी हवी असते. त्याला विरोधी पक्षाचा वकील नको असतो.

हा स्वभाव मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न किर्क्सव्हिल येथेच झाला. स्टेडमन डेन्स्लो हे ऑस्टिओपॅथ १९३० च्या दशकाच्या अखेरीस संशोधनाकडे वळले. त्यांनी प्रश्न लहान केला. हस्तोपचाराने रोग बरा होतो का, हे बाजूला ठेवून त्यांनी विचारले: ज्या मणक्यापाशी ऑस्टिओपॅथच्या बोटांना ‘बिघाड’ जाणवतो, तिथे मोजता येईल असे काही वेगळे असते का? मणक्यावर मोजून दाब द्यायचा आणि शेजारचे स्नायू किती दाबाला आकुंचन पावतात, ते विद्युत नोंदीवर पाहायचे. १९४५ मध्ये त्यांना आयर्विन कोर येऊन मिळाले. कोर हे ऑस्टिओपॅथ नव्हते. प्रिन्स्टनहून डॉक्टरेट घेतलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. १९४७ मध्ये त्यांचा निबंध शरीरक्रियाशास्त्राच्या प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात आला. ‘बिघडलेल्या’ जागी स्नायू कमी दाबालाच चेततात, असे त्यांनी दाखवले होते.

यातून उपचार सिद्ध झाला नाही. पण प्रथमच ऑस्टिओपॅथीचा एक दावा तिच्या कुंपणाबाहेरच्या परीक्षकांसमोर ठेवला गेला आणि तो छापण्यायोग्य ठरला. पुढे कोर यांच्या संशोधनाला सरकारी अनुदानही मिळू लागले. १९६७ मध्ये मज्जातंतूंतून स्नायूंकडे प्रथिने कशी वाहून नेली जातात, यावरचा त्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. एक विरोधाभास इथे नजरेआड करता येत नाही. सरकारचा पैसा ज्या कामाला मिळाला, ते काम हस्तोपचारापासून दूर, मूलभूत शरीरक्रियाशास्त्रात गेलेले होते. हातांच्या उपचाराने माणसाची पाठ दुखायची थांबते का, या साध्या प्रश्नाला पैसे देणारा अजून कोणी नव्हता.

त्याच सुमारास व्यवसायाच्या अस्तित्वावरच घाव बसला. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात ऑस्टिओपॅथ आणि एम.डी. यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. तेथील ऑस्टिओपॅथी महाविद्यालय वैद्यकीय महाविद्यालय बनले आणि सुमारे दोन हजार ऑस्टिओपॅथांनी ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी घेतली. ज्या राज्यात लुईसा बर्न्स यांनी आयुष्य घालवले, तिथे त्यांच्या शास्त्राचे घरच उरले नाही. त्या स्वतः १९५८ मध्येच निवर्तल्या होत्या.

उरलेल्या राज्यांत मात्र उलटे घडले. १९६६ पासून ऑस्टिओपॅथांना सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले जाऊ लागले. १९७३ पर्यंत सर्व ५० राज्यांत त्यांना पूर्ण वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला. मिशिगन आणि टेक्सास या राज्यांनी आपल्या सरकारी विद्यापीठांत ऑस्टिओपॅथीची महाविद्यालये सामावून घेतली. शुल्कावर जगणाऱ्या विद्यालयांच्या इतिहासात ही मोठी घटना, कारण विद्यापीठाबरोबर संख्याशास्त्रज्ञ येतात, ग्रंथालय येते आणि अनुदानाचा अर्ज कसा लिहावा हे जाणणारी माणसेही येतात.

आता १९७३ सालाकडे. अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मज्जाविकार विभागाला पाठीच्या कण्यावरील हस्तोपचारांचा निःपक्ष अभ्यास करण्यास सांगितले आणि त्यासाठी २० लाख डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिली. रोख मुख्यतः कायरोप्रॅक्टिक या प्रतिस्पर्धी पद्धतीकडे होता, कारण वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात तिचा नुकताच समावेश झाला होता. फेब्रुवारी १९७५ मध्ये बेथेस्डा येथे तीन दिवसांची परिषद भरली. कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ, एम.डी., मूलभूत शास्त्रज्ञ असे एकमेकांना टाळणारे लोक एका दालनात बसले. परिषदेचा ग्रंथ संपादित केला मरे गोल्डस्टीन यांनी. ते स्वतः ऑस्टिओपॅथ होते आणि पुढे त्याच विभागाचे संचालक झाले.

निष्कर्ष काय निघाला? हस्तोपचार उपयोगी आहे असेही म्हणता येत नाही आणि निरुपयोगी आहे असेही नाही. उपलब्ध साहित्य कोणत्याच बाजूने पुरेसे नाही. शंभर वर्षांच्या दाव्यानंतर सरकारी दप्तरात एवढेच लिहिले गेले. काहींना हा पराभव वाटला. वस्तुतः ती सर्वात उपयुक्त नोंद होती, कारण अभाव अधिकृतपणे मान्य झाला की अनुदान मागता येते.

तरीही पैसा लगेच वाहिला नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नव्या औषधाची चाचणी कंपनी करते, कारण औषधाचे स्वामित्व तिच्याकडे असते; चाचणी यशस्वी झाली की खर्च भरून निघतो. हातांचे पेटंट घेता येत नाही. हस्तोपचार सिद्ध झाला तर फायदा सगळ्यांचा, म्हणजेच खर्च कोणाचाच नाही. शिवाय चाचणी अवघडही. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. देणाऱ्यालाही ती कोणती हे ठाऊक नसते. इथे उपचार करणाऱ्या हातांना आपण काय करतो आहोत ते ठाऊक असणारच. मग तुलनेसाठी ‘लटका उपचार’ योजावा लागतो: तितकाच वेळ, तिथेच हात, पण हलका स्पर्श. तो करण्यासाठीही प्रशिक्षित माणूस लागतो आणि त्याचेही मानधन द्यावे लागते. थोडक्यात, काहीच न करण्याचाही खर्च येतो.

१९९२ मध्ये सिनेटर टॉम हार्किन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पर्यायी वैद्यकासाठी एक छोटे कार्यालय निघाले. त्यालाही आरंभी २० लाख डॉलरच मिळाले. १९९८ मध्ये त्याचे राष्ट्रीय केंद्र झाले आणि वार्षिक तरतूद सुमारे ५ कोटी डॉलरवर गेली. ऑस्टिओपॅथांसमोर पेच पडला. आपण ‘पर्यायी’ नाही, पूर्ण डॉक्टर आहोत, हे सिद्ध करण्यात त्यांनी सात-आठ दशके घालवली होती; आणि आता हस्तोपचारावरच्या संशोधनाचा पैसा मिळत होता तो ‘पर्यायी’ या पाटीखाली. व्यवसायाने पाटी गिळली आणि अर्ज केले.

दुसरा पैसा आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्टिओपॅथांची स्वतंत्र रुग्णालये मोठ्या रुग्णालय-समूहांना विकली जाऊ लागली किंवा त्यांत विलीन होऊ लागली. ना-नफा रुग्णालय विकले की त्याची रक्कम धर्मादाय कामातच वापरावी लागते. त्यातून प्रतिष्ठाने जन्मली. ओहायो राज्यातील कोलंबसचे ऑस्टिओपॅथिक हेरिटेज फाउंडेशन हे त्यांतले ठळक नाव. पूर्वजांनी वर्गणी काढून उभारलेली रुग्णालये गेली आणि त्यांच्या विक्रीतून पूर्वजांचाच दावा तपासण्यासाठी पैसा उभा राहिला. वाडा विकून आलेल्या पैशातून घराण्याची वंशावळ खरी की खोटी, हे तपासायला कोणी बसावे, तसाच हा प्रकार.

पैशाची निकड का होती, तेही पाहू. १९९८ च्या एका देशव्यापी पाहणीत उत्तर देणाऱ्या निम्म्याहून अधिक ऑस्टिओपॅथांनी सांगितले की ते शंभरातल्या पाच रुग्णांवरही हस्तोपचार करत नाहीत. ज्या एका गोष्टीमुळे हा व्यवसाय वेगळा, तीच व्यवसायातून आटत चालली होती. पुढच्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शिकागोची एक चाचणी आली. कंबरदुखीचे १७८ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना ऑस्टिओपॅथिक हस्तोपचार. १२ आठवड्यांनी दुखणे दोन्ही गटांत सारखेच कमी झाले, मात्र हस्तोपचाराच्या गटाला औषधे आणि फिजिओथेरपी कमी लागली. ऑस्टिओपॅथांनी दुसरे वाक्य उचलले, टीकाकारांनी पहिले.

२००१ मध्ये व्यवसायाच्या संघटनांनी मिळून टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे ऑस्टिओपॅथिक संशोधन केंद्र सुरू केले. जॉन लिकियार्डोन यांनी २००३ मध्ये कंबरदुखीच्या ९१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहीच न करण्यापेक्षा हस्तोपचार सरस ठरला, पण लटक्या उपचारापेक्षा नाही. हा निकाल व्यवसायातीलच माणसाने छापला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सशांच्या दिवसांत हे घडले असते का, याची शंका आहे.

मग न्यूमोनिया. २००४ ते २००७ या काळात सात रुग्णालयांत ५० वर्षांवरील ४०६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले गेले. एका गटाला औषधांबरोबर दिवसातून दोनदा १५ मिनिटे हस्तोपचार, दुसऱ्याला तितकाच वेळ हलका स्पर्श, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. पैसा दिला तो अशाच प्रतिष्ठानांच्या एका गटाने. १९१८ च्या बेरजेत जे जे नव्हते, ते सारे इथे होते.

२०१० मध्ये निकाल आला. ज्यांना ज्या गटात टाकले होते, त्या सर्वांचा हिशेब धरला तर तिन्ही गटांत फरक नाही. ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण घेतलेल्यांचाच हिशेब धरला तर हस्तोपचाराच्या गटाचा रुग्णालयातील मुक्काम ३.५ दिवस, नेहमीच्या उपचारांच्या गटाचा ४.५ दिवस. पण हलक्या स्पर्शाच्या गटाचा ३.९ दिवस, म्हणजे त्याच्याशी ठाम फरक दाखवता येईना. आता ‘पुरावा’ कशाला म्हणायचे? संख्याशास्त्राच्या काटेकोर नियमाने पहिलाच हिशेब खरा, कारण अर्ध्यावर सोडणारे रुग्ण वगळले की गट आपोआप बदलतात. दुसरा हिशेब आशा दाखवतो, सिद्ध काही करत नाही. तरी १९१८ पासून सांगितल्या गेलेल्या कथेला स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हाताने कसोटीवर घासण्याचे धैर्य त्यात होते, हे नाकारता येणार नाही.

२०१३ ची टेक्सासची कंबरदुखीची चाचणी आणखी मोठी: ४५५ रुग्ण, आठ आठवड्यांत सहा सत्रे. तिच्यामागे सरकारी केंद्र आणि कोलंबसचे प्रतिष्ठान असे दोन्ही पैसे उभे होते. या वेळी लटक्या उपचाराशी फरक दिसला. दुखणे निदान ३० टक्क्यांनी कमी झालेले रुग्ण हस्तोपचाराच्या गटात ६३ टक्के, लटक्या गटात ४६ टक्के. ऑस्टिओपॅथीच्या इतिहासातला हा बहुधा सर्वात भक्कम आकडा.

त्याला उत्तर आले फ्रान्समधून. तिथे ऑस्टिओपॅथीला २००२ च्या कायद्याने मान्यता मिळालेली, आणि चाचणीचा खर्च आरोग्य मंत्रालयाचा, म्हणजे व्यवसायाच्या खिशाशी संबंध नसलेला. कंबरदुखीचे ४०० रुग्ण, दोन आठवड्यांनी एक अशी सहा सत्रे, तुलनेला लटका उपचार. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हालचालींवरील मर्यादा मोजणाऱ्या १०० गुणांच्या मापावर दोन गटांत फरक पडला ३.४ गुणांचा; संख्याशास्त्राला तो दिसला, पण रुग्णाला जाणवेल इतका तो आहे का, याबद्दल संशोधकांनीच शंका नोंदवली. वेदनेत फरक आढळला नाही.

ऑस्टिओपॅथांचा आक्षेप लगेच आला: हलका स्पर्श हा ‘काहीच नाही’ नसतो, तोही उपचारच असतो. टीकाकारांनी विचारले, तसे असेल तर चार-पाच वर्षांच्या प्रशिक्षणाची गरज काय? हा वाद मिटवायचा तर स्पर्श, हस्तोपचार आणि दोन्हींपैकी काहीच नाही, असे तीन गट घेऊन आणखी मोठी चाचणी करावी लागेल. तिच्या अर्जावर देणगीदार म्हणून कोणाचे नाव असेल, ते अजून रिकामेच आहे.